शेजारची भाषा : अमेरिकी माणसाने स्पॅनिश शिकावी का?

कायझर परमनंटे या अमेरिकेतल्या मोठ्या आरोग्यसेवा संस्थेच्या उत्तर कॅलिफोर्नियातल्या नोंदींवरून २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातले रुग्ण लॅटिन अमेरिकी वंशाचे, मधुमेही, आणि इंग्रजी जेमतेम येणारे. या ना त्या कारणाने त्यांचे डॉक्टर बदलले. कुणाला पुन्हा स्पॅनिश न येणाराच डॉक्टर मिळाला, तर कुणाला स्पॅनिश बोलणारा. संस्था तीच, आजार तोच. पण ज्यांना आपल्या भाषेतला डॉक्टर मिळाला, त्यांच्यात साखर आटोक्यात आलेल्यांचं प्रमाण दुसऱ्या गटाच्या तुलनेत शंभरात दहाने जास्त वाढलं.

मधुमेहाचे निम्मे उपचार बोलण्यातच होतात. गोळी जेवणाआधी घेतली की नंतर? रात्री दरदरून घाम फुटतो का? पायाला मुंग्या येतात, की पाय बधिर झालाय? मधल्या वेळी काय खाता? यातला कुठलाही प्रश्न तिसऱ्या माणसामार्फत विचारला की रुग्ण अर्धंच उत्तर देतो. उरलेलं अर्धं संकोचात राहून जातं, आणि नेमकं तेच डॉक्टरला हवं असतं.

अमेरिकेत घरी स्पॅनिश बोलणारे लोक चार कोटींहून जास्त आहेत. साधारण दर सात-आठ माणसांत एक. तरीही अमेरिकी माणसाने स्पॅनिश शिकावी का, यावर तिथे वर्षानुवर्षं वाद चालू आहे. माझं उत्तर ठाम होकाराचं आहे. पण त्यासाठी सर्रास दिलं जाणारं कारण मला कच्चं वाटतं, आणि बहुतेक शाळा ज्या पद्धतीने ती शिकवतात, त्यात पोरांची वर्षं वाया जातात.

ते कच्चं कारण म्हणजे मेंदू. दुसरी भाषा शिका, बुद्धी तल्लख होते, असं पालकांना सांगितलं जातं. गंमत अशी की शंभर वर्षांपूर्वी मानसशास्त्रज्ञ नेमकं उलट सांगत. दोन भाषांत वाढणारं मूल गोंधळतं, मागे पडतं, असं मत रूढ होतं. त्या चाचण्यांत गरीब स्थलांतरितांची मुलं आणि खात्यापित्या घरची मुलं एकाच तागडीत तोलली जात, त्यामुळे निकाल ठरल्यासारखाच लागे. १९६२ साली माँट्रियलमध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी घरची परिस्थिती सारखी असलेली दहा वर्षांची मुलं निवडली. काहींना फक्त फ्रेंच येत होती, काहींना फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही. दोन भाषावालीच पुढे निघाली आणि वाऱ्याची दिशा फिरली.

पुढे टोरंटोच्या एलेन बियालिस्टॉक यांनी हा विषय चांगलाच पुढे नेला. दोन्ही भाषा डोक्यात एकाच वेळी जाग्या असतात, म्हणून बोलताना एकीला सतत आवरावं लागतं. या आवरण्याच्या सरावामुळे लक्ष एकाग्र ठेवणं, तोंडावर आलेलं चुकीचं उत्तर थोपवणं अशी कामं जास्त चांगली जमतात, असं त्यांचं म्हणणं. २००७ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी टोरंटोतल्या स्मृतिभ्रंशाच्या १८४ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. आयुष्यभर दोन भाषा वापरणाऱ्यांमध्ये लक्षणं सुमारे चार वर्षं उशिरा दिसली होती.

याला सगळ्यात भक्कम आधार मिळाला तो हैदराबादेतून. निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्ण अभ्यासले आणि २०१३ साली निष्कर्ष मांडले : एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये लक्षणं साडेचार वर्षं उशिरा. हा फरक निरक्षर रुग्णांमध्येही होता, म्हणजे याचं श्रेय शिक्षणाला देता येत नव्हतं. टोरंटोतले बरेचसे द्वैभाषिक स्थलांतरित होते, तशी अडचणही हैदराबादेत नव्हती. तिथे तेलुगू, उर्दू, हिंदी एकाच गल्लीत ऐकू येतात.

मग मी या कारणाला कच्चं का म्हणतो? कारण मोठ्या संख्येने माणसं तपासल्यावर तल्लखपणाचा दावा टिकला नाही. अमेरिकेत हजारो मुलांच्या मेंदूविकासाचा दीर्घकालीन अभ्यास चालू आहे. त्यातल्या नऊ-दहा वर्षांच्या ४५२४ मुलांचे निकाल २०१९ साली पाहिले गेले. लक्ष, आत्मनियंत्रण, एका कामावरून दुसऱ्यावर वळणं, कशातच द्वैभाषिक मुलांची सरशी आढळली नाही. आधीच्या पुष्कळ अभ्यासांत मोजकी माणसं होती, आणि फरक न दिसलेले अभ्यास छापून येण्याचं प्रमाणही कमी होतं. स्मृतिभ्रंशाबद्दलचा वाद अजून मिटलेला नाही. निरोगी माणसांचा वर्षानुवर्षं माग ठेवणाऱ्या अभ्यासांत तितकं स्पष्ट चित्र दिसत नाही. आणि समजा हैदराबादेतला निष्कर्ष पूर्ण खरा मानला, तरी ती माणसं रोज दिवसभर भाषा बदलत जगत होती. शाळेतल्या दोन वर्षांच्या स्पॅनिशला ते श्रेय कसं लावणार? भाषा म्हणजे मेंदूचं टॉनिक, ही जाहिरात थांबवलेली बरी. टॉनिकचा गुण आला नाही की लोक बाटली फेकून देतात, आणि इथे बाटलीत शेजाऱ्याशी बोलण्याची सोय आहे.

आता शाळेकडे वळू. बहुतेक अमेरिकी मुलांचा स्पॅनिशशी पहिला गंभीर संबंध येतो तो हायस्कूलमध्ये, म्हणजे वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी. कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशासाठी दुसऱ्या भाषेची किमान दोन वर्षं मागतं, म्हणून पुष्कळजण तेवढी उरकतात. पुढे काय उरतं?

ओहायो वेस्लियन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ हॅरी बाहरिक यांनी हे मोजलं, आणि मला हा मानसशास्त्रातल्या सगळ्यात सुंदर प्रयोगांपैकी एक वाटतो. त्यांनी शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेल्या किंवा शिकत असलेल्या ७३३ जणांना परीक्षेला बसवलं. कुणी नुकताच कोर्स संपवलेला, तर कुणाचा तो ५० वर्षांपूर्वी संपलेला. वाचून समजणं, शब्द आठवणं, दिसलेला शब्द ओळखणं, व्याकरण, वाक्प्रचार असं सगळं तपासलं. मधल्या काळात बहुतेकांनी स्पॅनिश जवळजवळ वापरलीच नव्हती. १९८४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : पहिली तीन ते सहा वर्षं विसरणं झपाट्याने होतं, आणि मग ते थांबतं. उरलेलं ज्ञान पुढची २५-३० वर्षं जवळपास जसंच्या तसं राहतं. ना सराव, ना उजळणी, तरीही. बाहरिक यांनी या साठ्याला कायमस्वरूपी स्मृतीचा दर्जा दिला.

पण त्या साठ्यात कुणाचं किती पडतं, हा खरा मुद्दा आहे. जे चार-पाच पायऱ्या चढून गेले आणि ज्यांना चांगले गुण होते, त्यांचं बरंचसं टिकलं. ज्यांनी एखादाच कोर्स केला होता, त्यांच्याकडे काही वर्षांत जवळजवळ काहीच उरलं नाही. म्हणजे भाषेची एक रेषा आहे; तिच्या अलीकडे सोडलं तर सगळं धुऊन जातं, पलीकडे नेलं तर जन्माची शिदोरी. दोन वर्षांची अट मुलांना बहुधा अलीकडेच सोडते.

बाहरिक यांनी आणखी एक प्रयोग स्वतःच्या घरात केला. कुटुंबातल्या चौघांनी परक्या भाषेतले प्रत्येकी ३०० शब्द पाठ केले. काही शब्दांची उजळणी १४ दिवसांनी, काहींची २८ दिवसांनी, काहींची ५६ दिवसांनी. ५६ दिवसांच्या अंतराने केलेल्या १३ उजळण्यांतून जेवढं टिकलं, तेवढंच टिकायला १४ दिवसांच्या अंतराने २६ उजळण्या लागल्या. अंतर जास्त ठेवलं की शिकताना चुका जास्त होतात, जीव वैतागतो, पण शब्द पक्के बसतात. शाळेचं वेळापत्रक याच्या उलट चालतं : धडा, लगेच चाचणी, आणि तो धडा पुन्हा कधीच नाही.

यावरचा तोडगा काही शाळांनी शोधला आहे. स्पॅनिश हा विषय म्हणून शिकवायचा नाही, स्पॅनिशमधून गणित आणि विज्ञान शिकवायचं. ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात बालवाडीपासून असे वर्ग आहेत, स्पॅनिशचे तसेच जपानी, चिनी आणि रशियनचेही. जागा कमी आणि अर्ज जास्त, म्हणून प्रवेश सोडतीने होतात. संशोधकांच्या दृष्टीने ही सोडत म्हणजे आयती संधी होती. एरवी अशा वर्गात जाणारी मुलं आधीच हुशार घरातली असतील, अशी शंका राहते. इथे ज्यांना जागा मिळाली आणि ज्यांना नाही, त्यांच्यात फरक फक्त नशिबाचा. जेनिफर स्टील आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली निकाल मांडले. सोडतीत नंबर लागलेली मुलं पाचवीत इंग्रजी वाचनात सुमारे सात महिने पुढे होती, आठवीत नऊ महिने. पुन्हा वाचा : इंग्रजी वाचनात! शाळेचा मोठा वेळ दुसऱ्या भाषेत घालवून. गणित आणि विज्ञानातही ती मागे पडली नाहीत. ज्यांच्या घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा होती, त्या मुलांना पुढच्या इयत्तांत इंग्रजीसाठी वेगळ्या मदतीची गरज कमी लागली. दुसऱ्या भाषेला दिलेला वेळ इंग्रजीतून वजा होतो, या भीतीला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

लवकर सुरुवात करण्याचा एक खास फायदा कानाला होतो. व्हँकूवरमध्ये जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतला 'त' आणि 'ट' ऐकवला. आवाज बदलला की मान वळवायची, मग एक खेळणं उजळतं, अशी रचना. सहा ते आठ महिन्यांची बहुतेक बाळं फरक ओळखत. दहा ते बारा महिन्यांची जवळजवळ कुणीच नाही. १९८४ सालचे हे निष्कर्ष आहेत. वर्षभरात बाळाचा मेंदू आपल्या भाषेला न लागणारे भेद बाजूला टाकायला लागतो.

स्पॅनिश शिकताना अमेरिकी माणूस नेमका इथे अडखळतो. स्पॅनिश 'त' म्हणताना जीभ दाताला लागते, आपल्यासारखीच. इंग्रजी बोलणाऱ्याची जीभ दातामागच्या हिरडीवर जाते. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीला येणाऱ्या 'प'बरोबर हवेचा झोत सुटतो. तोंडापुढे कागदाचा कपटा धरून 'पेपर' असं इंग्रजी ढंगाने म्हणा, कपटा हलेल. स्पॅनिश 'प' मात्र मराठी 'प'सारखा कोरडा. कपटा जागचा हलत नाही. मराठी मुलाला यातलं काहीच शिकवावं लागत नाही.

म्हणून मोठेपणी शिकू नये असं मात्र मुळीच नाही. उच्चारात थोडा परकेपणा राहिला तर बिघडलं काय? आपल्या राजनैतिक अधिकाऱ्यांना भाषा शिकवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या अंदाजाने इंग्रजी भाषकाला कामापुरती स्पॅनिश यायला सुमारे ३० आठवडे पूर्ण वेळ शिकावं लागतं. हिंदीला ४४, अरबी किंवा जपानीला ८८. स्पॅनिशमधले हजारो शब्द इंग्रजीला लॅटिनच्या नात्याने आधीच ओळखीचे आहेत. इतकी सोपी आणि इतकी जवळची भाषा फार कमी देशांच्या वाट्याला येते.

जगभर इंग्रजी चालते, मग कशाला शिकायची, हा आक्षेप परदेशी सहलीपुरता ठीक आहे. फोनवर भाषांतर होतं, हेही खरं. रस्ता विचारायला ते पुरतं, पण छातीत दुखणाऱ्या म्हातारीला धीर द्यायला पुरत नाही. पैशाच्या हिशेबात मात्र आक्षेप घेणाऱ्यांची बाजू मजबूत आहे. अमेरिकी पदवीधरांना दुसऱ्या भाषेमुळे मिळणारा जादा पगार दोन-तीन टक्क्यांच्या आसपास असल्याचं अर्थशास्त्रज्ञांना आढळलं आहे. एवढ्यासाठी कुणी शेकडो तास घालवणार नाही, आणि पगाराचं आमिष दाखवून शिकवूही नये.

मला सगळ्यात जास्त खटकते ती दुसरीच गोष्ट. स्पॅनिश घरातून येणारं पाच-सहा वर्षांचं मूल ती भाषा फुकट घेऊन येतं, आणि बहुतेक शाळा पहिल्या दिवसापासून ती काढून घेण्याच्या मागे लागतात. कॅलिफोर्नियात १९९८ साली मतदारांनी प्रस्ताव २२७ मंजूर करून द्वैभाषिक वर्ग जवळपास मोडीत काढले. २०१६ साली प्रस्ताव ५८ ने तो निर्णय फिरवला. मधली १८ वर्षं ज्या मुलांच्या वाट्याला आली, त्यांची भाषा त्यांना कोण परत देणार? दक्षिण कॅलिफोर्नियात, मेक्सिकोच्या सीमेला लागून राहणाऱ्या कुटुंबांतही, नातवंडांच्या पिढीत स्पॅनिश नीट बोलणारे थोडेच उरतात, असं समाजशास्त्रज्ञांना दिसलं आहे. एकीकडे सहा वर्षांच्या मुलाची स्पॅनिश विझू द्यायची आणि दुसरीकडे चौदा वर्षांच्या मुलाला तीच पहिल्या धड्यापासून शिकवायची, हा उधळेपणा आहे.

न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतही हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. मुलाने शाळेत स्पॅनिश घेतली तर मराठी मागे पडेल का, अशी काळजी आईबाबा करतात. मराठीला धोका स्पॅनिशच्या तासाचा नाही. घरात भावंडं आपापसात इंग्रजी बोलू लागतात, तिथून मराठीची वेळ कमी होते. भाषेला तास लागतात आणि समोर बोलणारी माणसं लागतात. सिएटलमध्ये पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी बोलणाऱ्या माणसांबरोबर बारा वेळा खेळू दिलं, तर बाळांनी चिनी ध्वनींतले भेद पकडले. तेच खेळ टीव्हीवर दाखवले, तर काहीही पकडलं नाही. पुढे २०१४ साली दोन-अडीच वर्षांच्या मुलांवर झालेल्या प्रयोगात एक दिलासा मिळाला : व्हिडिओ कॉलवर समोरचं माणूस मुलाच्या बोलण्याला तिथल्या तिथे प्रतिसाद देत असेल, तर मुलं नवे शब्द समोरासमोर शिकावेत तसेच शिकतात. आधीच चित्रित केलेल्या तसल्याच संभाषणातून शिकत नाहीत. पुण्यातल्या आजीशी कॉलवर मारलेल्या गप्पा मराठी गाण्यांच्या व्हिडिओपेक्षा कामाच्या ठरतात त्या यामुळे, आणि शेजारच्या मेक्सिकन आजीने कुंपणापलीकडून रोज दोन वाक्यं बोलायची ठरवली, तर स्पॅनिशसाठीही तेच.