वेबसॉकेट आणि मधली यंत्रं : पार्श्वभूमी

वेबसॉकेट म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात दोन्ही बाजूंनी संदेश नेणारी, उघडी राहणारी जोडणी. ती ज्या 'अपग्रेड' हेडरवर (विनंतीसोबत जाणाऱ्या सूचनेवर) सुरू होते, तो १९९०च्या दशकातल्या एचटीटीपी १.१ या वेबच्या प्रोटोकॉलमधलाच. तो लगतच्या टप्प्यापुरता असतो. प्रॉक्सीला, म्हणजे वाटेत विनंत्या पुढे पोचवणाऱ्या मधल्या यंत्राला, मुद्दाम सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. नंतरच्या बऱ्याच अडचणींचं मूळ इथे आहे.

खरा पेच पडला २०१० च्या अखेरीस. काही पारदर्शक (वापरणाऱ्याच्या नकळत वाटेत बसलेल्या) प्रॉक्सींना अपग्रेड कळतच नाही, हे संशोधकांनी दाखवून दिलं. हल्लेखोराच्या पानाने सॉकेटमधून एचटीटीपी विनंतीसारखे दिसणारे बाइट पाठवले, की असा प्रॉक्सी फसे आणि हल्लेखोराची स्क्रिप्ट दुसऱ्याच साइटच्या नावाने कॅशमध्ये (पुन्हा देण्यासाठी जपलेल्या प्रतींत) ठेवी. त्याच्यामागच्या सगळ्यांना मग तीच मिळे. डिसेंबरात दोन ब्राउझरांनी वेबसॉकेट बंद केलं. डिसेंबर २०११ च्या आरएफसी ६४५५ या वेबसॉकेटच्या प्रमाण दस्तऐवजाने तोडगा दिला तो मास्किंगचा: ब्राउझरकडून निघणारी प्रत्येक फ्रेम (संदेशाचा तुकडा) नव्या ३२ बिटी किल्लीने एक्सऑर करायची, म्हणजे किल्लीत मिसळून तिचे बिट बदलायचे. किल्ली फ्रेमसोबतच जाते, त्यामुळे यात गुप्तता काहीच नाही. तारेवर कोणते बाइट उमटणार हे पानाला आधी ठरवता येऊ नये, एवढंच. टीएलएस (जोडणीचं कूटबद्धीकरण) असताना प्रॉक्सीला आतलं दिसत नाही, मग तिथे हा खटाटोप कशाला, असा आक्षेप घेतला गेला. सक्ती मात्र सरसकट राहिली, आणि ते योग्यच झालं. टीएलएस एजवर (वापरकर्त्याच्या जवळच्या सर्व्हरवर) संपवून पुढचा प्रवास उघड्या जोडणीने करणाऱ्या मांडण्या आजही सापडतात.

२०१५ च्या एचटीटीपी/२ ने अपग्रेडच काढून टाकलं, कारण तिथे एका जोडणीवर अनेक प्रवाह चालतात, आणि अपग्रेडने अख्खी जोडणीच बदलते. २०१८ मध्ये वाढीव 'कनेक्ट' पद्धतीने ती वाट पुन्हा उघडली. एचटीटीपी/३ साठी २०२२ उजाडलं.

एज कॉम्प्युटिंगचा प्रश्न निराळा. तिथला प्रोग्राम विनंती घेतो, उत्तर देतो आणि संपतो. सॉकेट तर तासन्‌तास उघडा. म्हणून अनेक ठिकाणी हस्तांतराची पद्धत आली: प्रोग्राम पहिली विनंती वाचतो, कुकी किंवा टोकन (ओळखीचा पुरावा) तपासतो, मूळ सर्व्हर (साइटचा स्वतःचा) निवडतो, जोडणी सोपवतो आणि बाजूला होतो. पुढचे संदेश त्याला दिसत नाहीत. काही प्लॅटफॉर्म प्रत्येक संदेशाची वेगळी एचटीटीपी विनंती करून मूळ सर्व्हरकडे पाठवतात. काहींनी स्थिती जपणारे ऑब्जेक्ट एजवरच आणले. संदेश नसताना ते झोपतात, जोडणी टिकते. साध्या हस्तांतरात मात्र टोकनची मुदत मध्येच संपली तरी एजवरचा कोड काही करू शकत नाही. जोडणी तोडायचं काम मूळ सर्व्हरलाच करावं लागतं.