प्रकल्प नियोजनातील कृती

कृती (साइटवरचा शब्द ‘ॲक्टिव्हिटी’) म्हणजे प्रकल्पातले असे काम, ज्याला वेळ लागतो आणि ज्याची सुरुवात व शेवट बोट ठेवून दाखवता येतात. ‘पहिल्या मजल्याचा स्लॅब’ हा कामांचा गठ्ठा आहे. शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा उभारणे), सळया बांधणे, विजेचे पाइप टाकणे, काँक्रीट ओतणे या त्यातल्या कृती. ‘स्लॅब पडला’ ही घटना. तिला वेळ लागत नाही. गठ्ठा किती बारीक फोडावा? एका टोळीकडे सोपवता येईल आणि झाले की नाही हे मुकादमाला सांगता येईल, इतपत पुरे.

यादीतून हमखास सुटते ते थांबणे. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. काँक्रीटच्या कामासाठीचे भारतीय मानक आयएस 456 साध्या पोर्टलँड सिमेंटला किमान 7 दिवस पाणी मारायला सांगते, पण कोरड्या, उष्ण हवेत किमान 10. गाळा (दोन आधारांमधले अंतर) 4.5 मीटरपेक्षा मोठा असेल, तर स्लॅबचे टेकू साधारण 14 दिवस हलवायचे नाहीत. या काळात साइटवर पाइप धरणारा एखादाच माणूस दिसतो, म्हणून ठेकेदाराच्या कागदावर हे दिवस नसतात. खालचे वीटकाम मात्र त्यांच्यामुळेच अडते.

परवानगीचेही तसेच. नागपुरातल्या गड्डीगोदामला रस्ता, रेल्वे, उड्डाणपूल आणि मेट्रो असे चार थर एकावर एक आहेत. चालू रुळांवर गर्डर (पुलाची तुळई) चढवायचा तर रेल्वेचा ब्लॉक, म्हणजे काही तास गाड्या थांबवण्याची परवानगी, लागतो. तो मागणे ही स्वतंत्र कृती धरावी लागते, कारण ब्लॉक मिळाला आणि गर्डर तयार नसला, तर ते तास फुकट जातात.

प्रत्येक कृतीआधी काय संपायला हवे हे ठरले की जाळे उभे राहते. त्यातली वेळेने सर्वांत लांब साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ. ही पद्धत अमेरिकेत ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांनी 1957 च्या सुमारास विकसित केली. साखळीबाहेरच्या कृतींना मिळणारी सवड म्हणजे फ्लोट. ती सगळ्यांना दिसली की सगळेच वापरतात, हा वेगळा त्रास.

कालावधी नक्की नसेल तेव्हा अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पातून 1958 मध्ये आलेली ‘पर्ट’ पद्धत वापरतात. शटरिंगला लवकरात लवकर 4, बहुधा 6 आणि उशिरात उशिरा 14 दिवस लागणार असतील, तर मधल्या आकड्याला चौपट वजन देऊन, बेरजेला 6 ने भागून 7 दिवस धरतात. जूनच्या मध्याला पाऊस येतो, तेव्हा पायाच्या खोदकामासाठी उशिराचा आकडा बराच मोठा धरावा लागतो.