बन्यामीनवरची स्वारी: ‘शास्ते’ ग्रंथाच्या शेवटामागची गोष्ट

इस्राएलचा बायबलबाहेरचा सर्वांत जुना लेखी उल्लेख इजिप्तच्या मेर्नेप्ता राजाच्या शिलालेखात, इ.स.पू. १२०८च्या सुमारास येतो. तोही राज्य म्हणून नव्हे, एक लोकसमूह म्हणून. बायबलच्या जुन्या करारातला ‘शास्ते’ ग्रंथ साधारण याच काळाचं चित्र रंगवतो. राजा नाही, खडं सैन्य नाही, डोंगराळ मुलखात पांगलेले बारा वंश. परचक्र आलं की एखादा शास्ता, म्हणजे तेवढ्यापुरता पुढारी, हाक देई आणि जमतील तेवढे जमत. न आलेल्यांना दबोरा या स्त्री शास्त्याच्या गीतात नावं घेऊन टोमणे मारले आहेत. पुढे इफ्ताह या शास्त्याच्या वेळी तर गिलादी आणि एफ्राइमी हे इस्राएलीच एकमेकांवर उठले. यार्देन नदीच्या उतारांवर ४२,००० एफ्राइमी पडले, असं ग्रंथ सांगतो. (हे आकडे अभ्यासक सहसा शब्दशः घेत नाहीत.)

या उतरणीचा तळ १९ ते २१ या अध्यायांत आहे. एफ्राइमच्या डोंगरातला एक लेवी (देवाच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशातला माणूस) आपल्या उपपत्नीला बेथलेहेमहून परत नेत असतो. वाटेत यबूस, म्हणजे यरुशलेम लागतं. परक्यांच्या गावात मुक्काम नको म्हणून तो पुढे आपल्याच माणसांच्या, बन्यामीन वंशाच्या गिबा गावी जातो. रात्री गावगुंड घराला वेढा घालतात. लेवी तिलाच धरून बाहेर लोटतो. रात्रभर तिच्यावर अत्याचार होतो. सकाळी ती उंबरठ्यावर हात टाकून पडलेली असते, आणि तो म्हणतो, ‘ऊठ, निघू या.’ नंतर तिच्या देहाचे बारा तुकडे देशभर धाडले जातात.

मिस्पाला सभा भरते. तिथली लेवीची जबानी नीट वाचावी. ‘ते मला ठार मारणार होते, तिच्यावर त्यांनी बलात्कार केला आणि ती मेली.’ तिला बाहेर कुणी लोटलं, हे तो सांगत नाही आणि सभेत कुणी विचारतही नाही. बन्यामीन गुन्हेगारांना हवाली करायला नकार देतात. मग देवाला पहिला प्रश्न जातो तो ‘आधी कुणी चढाई करायची’ एवढाच. ‘आमच्या भावाशी’ लढू का, हे ४०,००० माणसं गमावण्याच्या मधल्या टप्प्यावर सुचतं, आणि ‘की थांबू?’ हे दोन्ही पराभव पचवल्यावर, तिसऱ्या खेपेला. शेवटी दबा धरून बन्यामीनचा पाडाव होतो, त्यांची गावं जाळली जातात, आणि रिम्मोनच्या खडकावर पळालेले ६०० पुरुष तेवढे उरतात.

आता एक वंशच बुडणार म्हणून बेथेलला रडारड. पण बन्यामीनला मुली द्यायच्या नाहीत अशी शपथ झालेली. मग पळवाट निघते. सभेला न आलेल्या याबेश-गिलादची कत्तल करून ४०० कुमारिका आणायच्या. कमी पडतील त्या शिलोच्या उत्सवात नाचणाऱ्या मुलींतून पळवायच्या. आपण होऊन दिल्या नाहीत, म्हणजे शपथ मोडली नाही! एका बाईवरच्या अत्याचाराचा न्याय करायला निघालेल्यांनी ६०० बायकांवर जबरदस्ती करून प्रकरण मिटवलं. ग्रंथ संपतो तो ‘त्या काळी इस्राएलात राजा नव्हता, ज्याला जे बरं दिसे ते तो करी’ या वाक्यावर.

हे वाक्य राजेशाहीची वकिली करतं, असं अनेक अभ्यासक मानतात. त्यातही रोख शौलानंतर राजा झालेल्या दावीदाच्या बाजूचा दिसतो. पहिला राजा शौल बन्यामिनी, गिबाचाच, दावीद बेथलेहेमचा. शौलाची पहिली मोठी कामगिरी म्हणजे अम्मोनी नाहाशापासून याबेश-गिलादची सुटका, आणि तेव्हा त्याने बैलांचे तुकडे करून देशभर हाक पाठवली होती. एवढी नावं आणि खुणा योगायोगाने जुळत नाहीत.

तरीही ही कथा म्हणजे शौलाच्या घराण्यावरची नुसती चिखलफेक, हे मला पटत नाही. तसं असतं तर दोष गिबाच्या वेशीवरच थांबला असता. मिस्पाची अर्धवट चौकशी आणि शिलोचं अपहरण सांगायची गरजच नव्हती. इ.स.पू. आठव्या शतकातला होशेय संदेष्टाही ‘गिबाच्या दिवसांपासून’ पाप केल्याचा ठपका ठेवतो. काहींच्या मते तो इशारा शौलाच्या राजेपणाकडे आहे. पण ठपका एकट्या बन्यामीनवर नाही, अख्ख्या इस्राएलवर आहे.