मशी पीज

वाळवलेले हिरवे वाटाणे खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात भिजवून शिजवलेले घट्ट गरगट. इंग्लंडच्या उत्तरेत आणि मिडलंड्समध्ये (मध्य भागात) ते तळलेली मासळी व चिप्स (बटाट्याच्या जाड, लांबट तळलेल्या फोडी) किंवा मांसाच्या ‘पाय’बरोबर (pie, म्हणजे पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ) खातात. चिप्सच्या दुकानांइतकेच ते पबमध्येही रुळले आहे.

यासाठी मॅरोफॅट जातीचा टपोरा, पिठूळ वाटाणा लागतो. शेंगा वेलावरच पुरत्या सुकू देतात आणि मग काढणी करतात. ताज्या वाटाण्यात साखर जास्त, पिष्ट कमी. तो कितीही घोटला तरी असा दाटपणा येत नाही. हल्ली बऱ्याच पबमध्ये फ्रोजन मटार पुदिना-लोण्यात ठेचून याच नावाने वाढतात. चवीला तो बरा लागतो, पण पदार्थ निराळा.

वाटाणे फुगून दुपटीहून अधिक होतात, म्हणून पातेले मोठे घेतात. त्यावर उकळते पाणी ओतून पाव किलोला साधारण चमचाभर खाण्याचा सोडा घालतात आणि रात्रभर ठेवतात. (वाळक्या वाटाण्यांच्या काही खोक्यांत सोड्याच्या गोळ्याच मिळतात.) सकाळी ते पाणी ओतून, वाटाणे नीट धुऊन नव्या पाण्यात मंद आचेवर ठेवतात. वर येणारा फेस काढत राहावा लागतो. अर्ध्या-पाऊण तासात साले सुटतात, दाणे आपोआप फुटतात आणि ढवळता ढवळता सगळे मिळून येते. घोटून एकजीव करत नाहीत; थोडे दाणे दाताखाली यायला हवेत. मीठ आणि चिमूटभर साखर शेवटी.

खरी करामत सोड्याची. अल्कलीमुळे सालीतले पेक्टिन विरघळते आणि हरितद्रव्य काहीसे टिकते. रगड्याच्या वाटाण्यात आपण सोडा घालतो तोही साली मऊ व्हाव्यात म्हणूनच. प्रमाण चुकले तर मात्र साबणासारखी चव येते, शिवाय ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते. घरच्या गरगटाचा रंग राखाडीकडे झुकणारा असतो. डब्यातला झगझगीत हिरवा बहुधा वरून घातलेल्या रंगाचा.

गावागणिक तऱ्हा बदलते. नॉटिंगहॅमच्या गूज फेअर जत्रेत यावर पुदिना, व्हिनेगर आणि साखरेचा मिंट सॉस घालतात. विगनमध्ये वाटाण्यांचे नुसते पाणी, म्हणजे ‘पी वेट’, चिप्सवर ओतून घेतात. लँकेशायरमध्ये तपकिरी मेपल वाटाणे व्हिनेगर घालून खातात, विशेषतः ५ नोव्हेंबरच्या बॉनफायर नाइटला. न्यूकॅसलकडचे पीज पुडिंग पिवळ्या वाटाणाडाळीचे असते आणि ते हॅमबरोबर (डुकराच्या खारवलेल्या मांसाबरोबर) खातात.

पबचे बाकीचे पारंपरिक पदार्थही असेच पोटभरीचे : स्टेक अँड किडनी पाय, सॉसेज आणि कुस्करलेला बटाटा, उकडलेल्या अंड्यावर सॉसेजच्या खिम्याचे आवरण चढवून तळलेले स्कॉच एग. यांतले सगळेच दिसते तितके जुने नाही. पाव, चीज आणि लोणच्याचा ‘प्लाउमन्स लंच’ शेतकऱ्याची पुरातन शिदोरी वाटतो. शेतकरी पाव-चीज पूर्वीपासून खात, पण पबच्या फळ्यावर हे नाव रुजवले ते चीजचा खप वाढवू पाहणाऱ्या व्यापारी संघटनांनी, १९५०च्या दशकापासून. चीजवरचे युद्धकालीन रेशनिंग १९५४मध्ये उठले होते.

मशी पीज मुळात शाकाहारी असले तरी काही ठिकाणी ते हॅमच्या हाडासोबत शिजवतात, आणि यॉर्कशायरमध्ये शेजारचे चिप्स बहुतेकदा गोमांसाच्या चरबीत तळलेले असतात. वर्ज्य असणाऱ्यांनी मागवण्याआधी दोन्ही विचारून घ्यावे.