माल्टाची स्पिटफायर आणि लाकडाची पाचर

दुसऱ्या महायुद्धात फेथ, होप, चॅरिटी या तीनच जुन्या ग्लॅडिएटर लढाऊ विमानांनी जर्मन-इटालियन हल्ल्यांपासून माल्टा हे भूमध्य समुद्रातलं ब्रिटिशांचं बेट राखलं, ही गोष्ट आजही छातीठोकपणे सांगितली जाते. ती दंतकथा आहे. ग्लॅडिएटर तीनाहून जास्त होती, नावं मागाहून पडली आणि 1940 च्या जूनअखेर हरिकेन ही नवी लढाऊ विमानंही आली होती. बेट तगलं ते हिशोबावर.

1942 उजाडलं तरी स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानांची स्क्वाड्रन (तुकड्या) ब्रिटनमध्येच राखून ठेवलेली होती. माल्टाला पहिली 15 विमानं 7 मार्चला मिळाली. भूमध्य समुद्राच्या पश्चिम तोंडावरच्या जिब्राल्टर या ब्रिटिश तळावरून ती एका दमात पोचत नसत, म्हणून विमानवाहू जहाजाने अर्ध्या वाटेवर न्यायची आणि तिथून सुमारे 1,050 किलोमीटर उडवायची. स्पिटफायरचे पंख मिटत नाहीत. ती ‘व्हिक्टोरियस’ या ब्रिटिश विमानवाहू जहाजाच्या, विमानं डेकवर नेणाऱ्या लिफ्टमध्ये मावत नव्हती आणि ‘ईगल’ या दुसऱ्या जहाजावर खेपेला सोळाच बसत. म्हणून चर्चिल यांनी रूझवेल्ट यांच्याकडे ‘वास्प’ ही अमेरिकी विमानवाहू नौका मागितली.

खरी गंमत उड्डाणात आहे. आतल्या टाक्यांत 85 गॅलन पेट्रोल आणि पोटाखालच्या जादा टाकीत 90 गॅलन. एवढं ओझं घेऊन आखूड डेकवरून उठायचं तर पंखांचे फ्लॅप, म्हणजे मागच्या कडेच्या खाली झुकणाऱ्या झडपा, थोडेसेच खाली हवेत. स्पिटफायरच्या फ्लॅपना मात्र दोनच अवस्था: पूर्ण वर, नाहीतर पूर्ण खाली. वर ठेवले तर उचल कमी पडते आणि पूर्ण खाली सोडले तर हवेचा अवरोध वेग खातो. उपाय साधा निघाला. फ्लॅप खाली करायचे, फ्लॅप आणि पंख यांच्यामधल्या फटीत लाकडी पाचर धरायची, फ्लॅप वर घ्यायचे. पाचर चिमटीत बसते आणि फ्लॅप अधेमधे अडकून राहतात. हवेत पुरेशी उंची गाठली की फ्लॅप पूर्ण खाली सोडायचे. पाचरी समुद्रात पडतात, मग फ्लॅप मिटायचे. उंची गाठण्याआधीच हे केलं तर वेग तुटून विमान खाली बसण्याचा धोका.

20 एप्रिलला ‘वास्प’वरून उडालेली 46 विमानं माल्टाला पोचली. रेडिओ आणि तोफा जुळवण्यात तास गेले, तोवर शत्रूचे बॉम्ब पडले. काही दिवसांत उडण्याजोगी मोजकीच उरली.

9 मे रोजी ही चूक सुधारली. सुमारे 60 विमानं आली. प्रत्येकाला क्रमांकाचा आडोसा ठरलेला, तिथे मेकॅनिक, दारूगोळा आणि माल्टाचा मुरलेला वैमानिक तयार. पेट्रोल चार गॅलनच्या डब्यांतून हाताने ओतायचं. टाक्या काठोकाठ भरायला एकवीस डबे पुरत नाहीत. तरीही काही विमानं दहा मिनिटांच्या आत पुन्हा हवेत होती.