सहा सेइतिलांचा एक रेआल

पंधराव्या शतकातल्या पोर्तुगालमध्ये सुट्या पैशातलं सगळ्यात हलकं नाणं म्हणजे सेइतिल. सहा सेइतिल मिळून एक रेआल. अंगठ्याच्या नखाएवढी तांब्याची चकती, वजन जेमतेम दोन ग्रॅम. एका बाजूला तीन बुरुजांचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी समुद्राच्या लाटा, दुसऱ्या बाजूला पोर्तुगालच्या राजचिन्हातल्या पाच छोट्या ढाली.

किल्ला आणि लाटा पाहून लोक सेउताकडे बोट दाखवतात. उत्तर आफ्रिकेतलं हे बंदर पोर्तुगालचा राजा पहिल्या जुआंवने ऑगस्ट 1415 मध्ये जिंकलं, त्यावरून नाण्याला सेइतिल म्हणू लागले, अशी परंपरागत समजूत. दुसरं मत साधं आहे: रेआलचा सहावा हिस्सा, म्हणून सेइतिल. मला हे दुसरं पटतं. लोक सुट्या पैशाला नाव देतात ते हिशेबातून. आपल्या ‘छदाम’मध्येही सहा दामच दडले आहेत. तरी त्या लाटांमुळे सेउताची कथा काही मागे हटत नाही.

नाणं पाडायची रीत जुनीच. खालचा ठसा पक्का बसवायचा, त्यावर तांब्याची चकती, वर हातात धरलेला दुसरा ठसा, आणि हातोड्याचा घाव. घाव तिरका बसला की लाटा उमटतात नि बुरूज चकतीबाहेर जातो. शिवराई जमवणाऱ्यांना हे नवं नाही. ‘छत्रपति’मधलं एखादं अक्षर कडेला कापलेलं त्यांनी कितीदा तरी पाहिलेलं असतं.

पाचव्या अफोन्सोच्या काळात (1438–1481) सेइतिल मुबलक निघाले, मानुएलच्या काळातही निघत राहिले. तोवर तांब्याला दुसरी वाट फुटली होती. मध्य युरोपातलं तांबं अँटवर्पमार्गे लिस्बनला यायचं आणि मिरीच्या मोबदल्यात मलबारला रवाना व्हायचं. 1533 मध्ये बुडालेलं ‘बों जेझुस’ हे भारताकडे निघालेलं जहाज 2008 मध्ये नामिबियाच्या किनाऱ्यावर सापडलं, ते तांब्याच्या लाद्यांनी भरलेलं होतं. गोव्यात अल्बुकर्कने 1510 मध्येच टांकसाळ घातली होती, पण इथल्या बाजारात चाललं ते बझारुको हे गोव्याचं सुटं नाणं.

रेआलच उतरत गेला, तिथे त्याचा सहावा हिस्सा काय टिकणार! सेबास्तियांवच्या कारकिर्दीत (1557–1578) सेइतिल शेवटचे पाडले गेले. सेउता 1668 च्या तहाने स्पेनकडे गेलं. शहराच्या चिन्हावर मात्र पोर्तुगालच्या त्या पाच ढाली अजून आहेत.