आयरिश आजीचा दाखला : नागरिकत्वासाठी कोण पात्र, कागदपत्रं कोणती आणि पडक्या कॅसलचा उपयोग किती

आमच्या जावयांच्या अमेरिकेतल्या घरी दिवाणखान्यात एका पडक्या वास्तूचा फोटो आहे. छप्पर नाही, भिंती वेलींनी झाकलेल्या, शेजारून नदी वाहतेय. आयर्लंडमधल्या गॉलवे शहराजवळ कॉरिब नदीकाठी असलेला हा मेन्लो कॅसल. "आजी तिथली," एवढंच घरात सगळे सांगायचे. जावयांनी आयरिश नागरिकत्वाचा अर्ज करायचं ठरवलं, तेव्हा कागद जुळवायचं काम मी मागून घेतलं. नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात माझी नोकरी झाली आहे, जुन्या नोंदी चाळायची सवय आहे. त्यातून जे कळलं ते इथे लिहिते. परदेशात स्थायिक झालेल्या मराठी घरांमध्ये आयरिश वंशाचे जावई-सुना आता नवलाईचे राहिले नाहीत, आणि नातवंडांच्या हक्काचा प्रश्न वेळेवर कळला नाही तर तो हक्क जातो.

पात्रता आधी पाहा

आई किंवा वडील आयर्लंड बेटावर जन्मलेले आणि आयरिश नागरिक असतील, तर मूल जगात कुठेही जन्मलं तरी ते आपोआप आयरिश नागरिक असतं. त्याने थेट पासपोर्टचा अर्ज करायचा. आई-वडील बाहेर जन्मले, पण आजी-आजोबांपैकी एक जण बेटावर जन्मला असेल, तर 'परदेशी जन्मनोंदणी' करावी लागते. बेट म्हणजे उत्तर आयर्लंडसुद्धा. बेलफास्टला जन्मलेले आजोबाही चालतात. नोंदणी झाली त्या दिवसापासून माणूस नागरिक होतो, जन्मापासून नाही.

हे शेवटचं वाक्य नीट वाचा, कारण पणजी-पणजोबांचा प्रश्न त्यावरच ठरतो. पणजी आयर्लंडची असेल तर पणतवंडाला हक्क मिळतो, पण सर्वसाधारणपणे त्याच्या जन्माआधी त्याच्या आईचं किंवा वडिलांचं नाव या नोंदवहीत चढलेलं असेल तरच. आमच्या मोठ्या नातीच्या जन्माच्या वेळी जावयांनी अर्जच केलेला नव्हता. धाकटा नातू नोंदणीनंतर जन्मला, त्याला हक्क आहे. सख्खी भावंडं, पण एकीला नाही आणि एकाला आहे. घरात बाळाची चाहूल लागली असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी हा अर्ज पुरा करा. निर्णयाला महिनोन्महिने लागतात.

पणजोबांच्याही मागचे पूर्वज, मग ते कॅसलचे मालक असोत की राजे, या अर्जात उपयोगी पडत नाहीत. अर्ज वंशावळ मागत नाही, तीन पिढ्यांचे दाखले मागतो.

कागदपत्रं

अर्ज ऑनलाइन भरायचा, छापायचा, साक्षीदारासमोर सही करायची आणि मूळ कागदांसह टपालाने आयर्लंडला पाठवायचा. शुल्क प्रौढांना २७८ युरो, अठरा वर्षांखालील मुलांना १५३ युरो. साक्षीदार तुम्हाला व्यक्तिशः ओळखणारा पण नात्यात नसलेला हवा, आणि त्याचा व्यवसाय अर्जात दिलेल्या यादीतला हवा : डॉक्टर, वकील, पोलीस अधिकारी, बँक व्यवस्थापक वगैरे.

आजी किंवा आजोबांचा मूळ जन्मदाखला, विवाहाचा दाखला, आणि ते हयात नसतील तर मृत्यूचा दाखला. आई किंवा वडिलांचेही तेच, हयात असतील तर ओळखपत्राची प्रमाणित प्रत. अर्जदाराचा जन्मदाखला, नाव बदललं असेल तर त्याचा पुरावा, पासपोर्टची प्रमाणित प्रत, पत्त्याचे दोन पुरावे आणि चार फोटो, त्यातल्या दोनांवर साक्षीदाराची सही. जन्मदाखला आई-वडिलांची नावं असलेला पूर्ण हवा. अमेरिकेत मिळणारा छोटा दाखला चालत नाही.

साखळीत मराठी स्त्री असेल तर विवाहाचा दाखला विसरू नका. आपल्याकडे लग्नानंतर कित्येकींचं आडनावच नाही, पहिलं नावही बदलतं. डब्लिनच्या अधिकाऱ्याला कुसुम आणि सुनंदा एकच आहेत हे कागदानेच कळणार. जुना दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित भाषांतर जोडा.

आजीचा दाखला शोधायचा कसा

आयर्लंडमध्ये सर्वांसाठी सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी १ जानेवारी १८६४ पासून सुरू झाली. कॅथलिक नसलेल्यांचे विवाह १८४५ पासून नोंदले आहेत. सरकारच्या 'आयरिश जीनिऑलॉजी' संकेतस्थळावर शंभर वर्षांपूर्वीचे जन्म, पंचाहत्तर वर्षांपूर्वीचे विवाह आणि पन्नास वर्षांपूर्वीचे मृत्यू मूळ पानाच्या छायाचित्रासह मोफत दिसतात. पण ते छायाचित्र अर्जाला चालत नाही. प्रमाणित दाखला रॉसकॉमनच्या महानोंदणी कार्यालयातून मागवायचा, वीस युरोत मिळतो. उत्तर आयर्लंडसाठी बेलफास्टचं कार्यालय वेगळं.

आता अडतं ते गावाच्या नावावर. तिथे पत्त्याचं सगळ्यात लहान एकक म्हणजे टाउनलँड, आपल्याकडच्या शिवारासारखं. अशी साठ हजारांहून जास्त आहेत आणि नावं परत परत येतात. एकट्या गॉलवे काउंटीतच मेन्लो दोन आहेत, एक कॅसलचं आणि दुसरं बरंच पूर्वेकडे. मी पहिले दोन आठवडे चुकीच्या मेन्लोत घालवले.

आडनावाचं 'ओ' किंवा 'मॅक' एका पिढीत गळतं आणि दुसऱ्या पिढीत परत येतं, म्हणून दोन्ही रूपांनी शोधा. वयावर तर मुळीच विसंबू नका. १९०९ च्या सुरुवातीपासून म्हाताऱ्या माणसांना पेन्शन मिळू लागलं आणि १९११ च्या जनगणनेत कितीतरी जण दहा वर्षांत पंधरा वर्षांनी म्हातारे झालेले दिसतात. उशिरा नोंद केली तर दंड होता, म्हणून बाळाची जन्मतारीखही पुढे सरकवली जाई. चर्चच्या वहीतला बाप्तिस्मा सरकारी जन्मतारखेच्या आधीचा निघाला तर घाबरू नका.

जनगणनेचे १९०१ आणि १९११ चे घरोघरचे तक्ते राष्ट्रीय अभिलेखागारात मोफत पाहता येतात. त्याआधीचे बहुतेक गेले. जून १९२२ मध्ये यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या इमारतीतला दप्तरखाना जळाला, त्यात १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचा बहुतांश भाग गेला. त्यानंतरच्या चार सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या. जन्मभर दप्तर सांभाळलेल्या बाईला हे वाचून काय वाटलं असेल ते सांगायला नको. जिथे जिथे प्रती उरल्या होत्या तिथून जमवून ते दप्तर आभासी स्वरूपात पुन्हा उभं करायचं काम चालू आहे, २०२२ पासून ते सर्वांना खुलं आहे.

१८६४ च्या मागे जायचं असेल तर राष्ट्रीय ग्रंथालयातल्या कॅथलिक चर्चच्या वह्या पाहा, साधारण १८८० पर्यंतच्या. आणि ग्रिफिथची मोजणी, १८४७ ते १८६४. तिच्यात प्रत्येक टाउनलँडमधलं कूळ, त्याची जमीन आणि ज्याच्याकडून ती कसायला घेतली त्याचं नाव आहे.

मग कॅसलचं काय

मेन्लो कॅसल ब्लेक घराण्याचा होता. गॉलवेच्या ज्या व्यापारी घराण्यांना 'ट्राइब्ज' म्हणतात त्यांतलं हे एक, १६२२ पासून बॅरोनेट, म्हणजे वंशपरंपरेने चालणारा किताब असलेलं. जुलै १९१० मध्ये तो जळाला, तेव्हापासून तसाच पडका उभा आहे. म्हणजे १९०१ ची जनगणना आगीच्या आधीची आणि १९११ ची नंतरची.

"आमचा कॅसल" म्हणणाऱ्या बहुतेक घरांचे पूर्वज त्या कॅसलच्या सावलीतली कुळं असतात. गढी पाटलांची असली तरी अख्खं गाव तिला आपलीच म्हणतं, तसं. जावयांच्या आजीचे वडील मला सापडले ते गावातल्या एका लहान घराच्या तक्त्यात, शेतमजुराचा मुलगा म्हणून, घरची भाषा आयरिश आणि इंग्रजी. फोन केला तेव्हा जावईबापू थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आई, त्या घरात किती खोल्या होत्या?" तेही तक्त्यात असतं. दोन होत्या.

खरोखरच जमीनदार घराण्याचा धागा असेल तर १७०८ पासून चालू असलेलं डब्लिनचं खरेदीखत नोंदणी कार्यालय आणि गॉलवे विद्यापीठाची जमीनदारी इस्टेटींची मोफत सूची पाहा. आडनावाचं मानचिन्ह छापून विकणाऱ्यांना पैसे देऊ नका. मानचिन्ह व्यक्तीला दिलेलं असतं, आडनावाला नाही, आणि देण्याचा अधिकार मुख्य हेराल्ड या सरकारी मानचिन्ह अधिकाऱ्याच्या कार्यालयाचा आहे. वंशज म्हणून अवशेषावर मालकीही सांगता येत नाही. पुष्कळ कॅसल खासगी शेतात आहेत, आत जायला शेतमालकाची परवानगी लागते. संरक्षित स्मारकातला दगड उचलणं किंवा परवानगीशिवाय धातुशोधक यंत्र फिरवणं गुन्हा आहे.

भारतीय पासपोर्ट असेल तर

आयरिश सैनिक आपल्याकडेही होते. १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युजिलिअर्सची दुसरी बटालियन झाली ती जुन्या बॉम्बे फ्युजिलिअर्सचीच. आपल्या घरात असा आजोबा असेल तर बॉम्बे इलाख्यातल्या चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पण त्या भारतातल्या घटना सांगतात. आजोबांचा आयर्लंडमधला जन्मदाखला वेगळा मिळवावाच लागतो.

आणि सही करण्याआधी हे पक्कं समजून घ्या : नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ प्रमाणे स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. पासपोर्ट परत करावा लागतो, पुढे ओसीआय कार्डाचा मार्ग उरतो. आयर्लंडला दुहेरी नागरिकत्व चालतं, भारताला चालत नाही. जावई अमेरिकन असल्याने त्यांना अडचण नव्हती. माझी लेक अजून भारतीय पासपोर्टवरच आहे, आणि नवऱ्याच्या आजीवरून तिला या मार्गाने काही मिळतही नाही.